आईबाबांना ‘ताज’मध्ये एक रात्र न्यायचंय, पण बाबा नाही म्हणतात

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात राहते, बँकेत नोकरी करते. येत्या फेब्रुवारीत आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतात. बाबा मिल बंद होईपर्यंत एम्प्रेस मिलच्या रिंगखात्यात होते. आईनं घर सांभाळून शिवणकाम केलं. मागे एकदा टीव्हीवर गेटवे ऑफ इंडिया दाखवत होते. शेजारच्या ताज हॉटेलकडे बघून आई म्हणाली, “आतून कसं असेल गं हे?” तेव्हापासून मनात आहे की एक रात्र तरी त्यांना तिथं राहायला न्यायचं. त्यासाठी बँकेत आरडी काढली, ती आता पूर्ण होते आहे.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, “काहून पैसे उडवून राहिली? तेवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग होऊन जाते.” आई त्यांच्यासमोर गप्प बसली. नंतर मला एकटीला म्हणाली, “आपल्याला जमेल का तिथं वागायला? आणि तिथं ते सगळं झालं होतं ना...” पुण्याचा भाऊ म्हणतो, त्यापेक्षा एखादं लॉन घेऊ, दोनशे माणसं जेवायला बोलावू. वहिनीला वाटतं हा सगळा माझा दिखावा आहे. माझं चुकतंय का? आणि न्यायचंच तर नीट कसं न्यायचं? अशा हॉटेलात मी स्वतःही कधी राहिलेली नाही.

— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर

ताई, न्या. पण बाबांचा नकार डावलून नेऊ नका. ‘डोंबिवलीला मावशीकडे चाललोय’ असं सांगून थेट हॉटेलच्या दारात उतरवण्याचा बेत असेल, तर तो सोडून द्या. पंचाहत्तरीच्या आसपासच्या माणसाला आपण कुठं चाललोय हे आधी माहीत असायला हवं. कपडे कुठले घालायचे, पायात काय घालायचं, कुणाशी काय बोलायचं, याची मनात तयारी करायला त्यांना वेळ लागतो. तो वेळ काढून घेतला तर मोठ्या हॉलमध्ये ते चोरासारखे उभे राहतील आणि तुमची आरडी त्या एका क्षणात वाया जाईल.

आधी गच्चीचं बघू. ती खरंच गळत असेल तर बाबांचा मुद्दा सोळा आणे खरा आहे. मिस्त्री बोलावून अंदाज घ्या आणि काम एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी होईल असं ठरवून टाका. भाऊ लॉनवर खर्च करायला तयार आहे, तर गच्चीचा अर्धा भार त्यानं उचलावा, हे त्याला मोकळेपणानं सांगा. गच्चीची तारीख ठरली की बाबांकडे पैशाचं कारण उरणार नाही. तरीही ते नाही म्हणाले, तर समजा की आई जे तुमच्या कानात बोलली तेच बाबांच्याही मनात आहे, फक्त त्यांना ते बोलता येत नाही. त्यांना तिथं परकं वाटण्याची भीती आहे. आणि या भीतीवर तुमच्या घरात जे औषध आहे ते फार थोड्या घरांत असेल.

बाबांनी ज्या मिलमध्ये उमेदीची वर्षं घालवली ती मिल आणि ते हॉटेल एकाच माणसाचं काम आहे. जमशेटजी टाटांचं नाव बाबांना सांगावं लागणार नाही. पण त्या दोन वास्तूंचा धागा त्यांनी कधी जोडून पाहिला आहे का, ते विचारा. मुंबईहून येणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. कापूस इथं पिकतो, कोळसा वरोऱ्याला आहे, मग सूतगिरणी मुंबईतच कशाला, असा विचार करून जमशेटजी नागपूरला आले. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी घेतली आणि भराव घालायला सुरुवात केली, तेव्हा इथल्या एका सावकारानं पैसे द्यायचं नाकारलं. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं तो म्हणाला. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे त्याच सावकारानं कबूल केलं म्हणतात की यानं जमिनीत माती घातली आणि सोनं काढलं. जुम्मा तलाव म्हणजे आपला गांधीसागर. तुमच्या महालातून पायी जाण्याइतका जवळ.

बाबा रिंगखात्यातले आहेत म्हणून आणखी एक गोष्ट. सूत कातायचं रिंग फ्रेम हे यंत्र नवीन होतं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचाही त्यावर भरवसा बसला नव्हता, तेव्हा जमशेटजींनी ते नागपुरात लावून पाहिलं. बाबांनी ज्या खात्यात पाळ्या केल्या, त्या खात्यामुळे ही मिल इतरांच्या पुढे गेली. कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ मध्ये आणि अपघाताची भरपाई १८९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा देशात असा कायदा नव्हता. या कमाईतून आणि या अनुभवातून उभा राहिलेला माणूस पुढे मुंबईत समुद्राकाठी हॉटेल बांधायला निघाला. घरातल्यांनाही ते पटलं नव्हतं. आता भटारखाना काढणार का, असं त्यांच्या बहिणीनं विचारल्याची आठवण सांगतात. तुमच्या वहिनीचं बोलणं मनाला फार लावून घेऊ नका.

१६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात जमशेटजी वारले. आपण आज जे चित्र डोळ्यांपुढे आणतो त्यात गेटवे आधी आणि हॉटेल नंतर असतं, पण गेटवेचं उद्घाटन १९२४ चं आहे. म्हणजे बोटीनं येणाऱ्याला वीस वर्षं आधी हॉटेलचा घुमटच दिसत होता.

हे सगळं बाबांना व्याख्यानासारखं ऐकवू नका. एखाद्या संध्याकाळी त्यांना गांधीसागरच्या काठावर फिरायला न्या, मिलच्या जागेकडे बघत बसा आणि त्यांनाच बोलू द्या. भोंगा कधी व्हायचा, पाळी कशी बदलायची, जॉबर म्हणजे मुकादम कोण होता. बोलता बोलता एवढंच म्हणा, “बाबा, ज्यानं तुमची मिल काढली त्याचंच ते हॉटेल आहे. आईला आतून बघायचंय. तुम्ही दाखवता का तिला?” दाखवणारे बाबा असू देत. पैसे तुमचे आहेत हे त्या दोन दिवसांत पुन्हा कुणी उच्चारायचं नाही, भावानंही नाही.

आता आईचं. तिला ‘ते सगळं’ आठवतं, आणि आठवणारच. २६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र आणि पुढचे दिवस आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर काढले आहेत. तिला ‘आता काही होत नाही’ असं म्हणून उडवून लावू नका. हॉटेलची नवी इमारत, म्हणजे टॉवर, त्याच डिसेंबरात पुन्हा उघडली. जुन्या इमारतीचं नुकसान मोठं होतं, ती दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला सुरू झाली. हॉटेलात जीव गेलेल्या ३१ जणांची नावं लिहिलेलं स्मारक आत आहे. त्यातले कितीतरी तिथं नोकरी करणारे होते, पाहुण्यांना वाचवायला थांबलेले. आईला तिथं घेऊन जा. हात जोडावेसे वाटले तर जोडू द्या. भीती बोलून आणि पाहून कमी होते. दारावर सामान तपासतात, यंत्रातून जावं लागतं, हेही आधी सांगून ठेवा म्हणजे तिला आपल्यावरच संशय घेतला असं वाटणार नाही.

खोली निवडताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ताजच्या दोन इमारती आहेत. घुमटवाली, दगडी, आईनं टीव्हीवर पाहिलेली ती पॅलेस विंग. तिला लागून उभा आहे तो टॉवर, १९७० च्या दशकातला. बुकिंग करताना टॉवरच्या खोल्या बहुधा स्वस्त दिसतात आणि नाव तर एकच असतं, त्यामुळे लोक खुशीत पैसे भरतात आणि नव्या इमारतीत जाऊन झोपतात. आईचा प्रश्न जुन्या इमारतीबद्दल आहे, म्हणून पॅलेस विंगच घ्या, आणि कन्फर्मेशनवर ते नाव लिहिलेलं आहे ना ते पाहा. समुद्र दिसणाऱ्या खोलीला जादा पैसे पडतात. हात आखडता घ्यायचा असेल तर तिथं घ्या. समुद्र बघायला सी लाउंज आहे, तिथल्या खिडकीत चहा घेत बसता येतं.

७,५०० रुपयांहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि पहिल्यांदा दिसणारा दर बऱ्याचदा कर सोडून असतो. आरडीची रक्कम ठरलेली आहे, म्हणून करासकट हिशोब करा. शुक्रवार ते रविवार टाळा. नाश्ता धरलेला दर घ्या, कारण तिथला नाश्ता वेगळा मागवला तर बिल बघून बाबांचा घास अडेल. चेक-इनच्या वेळी हॉटेल कार्डावर थोडी रक्कम अडकवून ठेवतं; हा व्यवहार बाबा सोफ्यावर बसले असताना उरकून घ्या. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या वस्तूंचे पैसे लागतात, हे आईला आधी सांगा. फुकट समजून पाहुण्यांच्या मुलांसाठी चॉकलेटं पिशवीत टाकणारी आई मला चांगली ठाऊक आहे, आणि नंतर बिलात ते निघालं की तीच महिनाभर खंतावते.

आईबाबांना एकांत मिळावा म्हणून त्यांना एक खोली आणि आपण दुसरीकडे, असं तुम्हाला वाटत असेल. मला ते पटत नाही. परक्या जागी रात्री उठल्यावर बाथरूमचा दिवा कुठला हे सापडलं नाही, नळ कसा फिरवायचा कळलं नाही, तर आई बाबांनाही उठवणार नाही, तशीच बसून राहील. त्याच खोलीत जादा पलंग मिळेल का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. टबमध्ये पाय उचलून उतरावं लागणार नाही, साधा शॉवर असेल अशी खोली मागा. गुडघ्यांचं सांगितलं की हॉटेलवाले लक्षात ठेवतात. एकांत हवाच आहे. तो संध्याकाळी तासभर ‘मी जरा खाली जाऊन येते’ म्हणून द्या.

जाण्याच्या वेळेत सगळ्यात मोठी चूक होते. नागपूरहून दुरांतो किंवा विदर्भ पकडली की सकाळी सीएसएमटी. खोली मिळते दुपारी दोनला. रात्रभर गाडीत अवघडलेले, अंघोळ न झालेले आईबाबा सकाळी आठला त्या लॉबीत बसवलेत, तर त्यांना नेमकं तेच वाटेल ज्याची त्यांना भीती आहे. म्हणून एक दिवस आधी पोचा. ठाणे-डोंबिवलीला कुणी ना कुणी असेलच; नसेल तर एखाद्या साध्या लॉजमध्ये रात्र काढा. दुसऱ्या दिवशी अंघोळ, जेवण, थोडी झोप, इस्त्रीचे कपडे, आणि मग दोनला ताज. त्याच्या पुढच्या दिवशी बाराला खोली सोडायची आहे. म्हणजे तुमच्या हातात बावीस तास आहेत. ते बाहेर भटकून संपवू नका.

दुपारी खोलीत पोचल्यावर तासभर काही करू नका. पडदे उघडू देत, गादी दाबून बघू देत, बाबांना टेलिफोन उचलून बघू देत. एसी गार वाटतो, तेव्हा तो कमी करून ठेवा आणि आईची शाल बाहेर काढा. मग चारच्या सुमाराला सी लाउंज. टेबल आधी राखून ठेवा, खिडकीशी मागा. तिथल्या चहाबरोबर भेळ, शेवपुरी, वडा असं ओळखीचं मिळतं, त्यामुळे शाकाहाराची अडचण नाही. राहणाऱ्या पाहुण्यांना जुन्या इमारतीतून फिरवून तिचा इतिहास सांगण्याची सोय आहे. आल्याबरोबर वेळ विचारून नावं द्या. मधला मोठा जिना आईला तिथंच थांबून बघू द्या. खाली आधाराला काही नाही असा तो वर चढत गेलेला दिसतो. इमारतीचे मूळ वास्तुविशारद रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा होते. वैद्य काम पूर्ण व्हायच्या आत वारले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं ते पुरं केलं. वास्तुविशारदानं इमारत उलटी बांधली गेली म्हणून जीव दिला, अशी एक गोष्ट मुंबईत कुणीही टॅक्सीवाला सांगेल. ती खोटी आहे. जुनं दार शहराच्या बाजूला होतं, कारण घोडागाड्या तिकडून यायच्या.

कपड्यांचं आईनं अजिबात मनाला लावून घेऊ नये. चांगली सुती किंवा इरकली साडी, रोजचं मंगळसूत्र, आणि पायात सवयीची चप्पल. नवीन चप्पल घेऊन दिलीत तर ती चावेल आणि आई लंगडत फिरेल. बाबांना शर्ट-पँट आणि मागे पट्टा असलेली सँडल पुरते. काही रेस्टॉरंट रबरी चपलांना अडवतात म्हणून एवढं सांगितलं. दार उघडणाऱ्या माणसाला बाबा ‘साहेब’ म्हणाले तर मध्ये पडू नका. सामान आणणाऱ्या मुलाला त्यांनी ‘गाव कोणतं रे तुझं?’ विचारलं तर विचारू द्या. मिलमध्ये आयुष्य गेलेला माणूस काम करणाऱ्या माणसाशी नीट बोलतो, आणि ते त्या मुलांना कळतं. तुम्ही लाजून ‘बाबा, हळू बोला’ म्हणालात तर मात्र ती जागा त्यांच्यासाठी तिथंच संपेल. तुमच्या पूर्ण पत्रात मला काळजी वाटली ती इथं. तुम्हीही पहिल्यांदाच जाताय, तुमचंही अवघडणं असेल, आणि ते नकळत त्यांच्यावर निघू शकतं. म्हणून जायच्या आधी हॉटेलला फोन करून सगळे बारीक प्रश्न विचारून घ्या. असे प्रश्न त्यांना रोज येतात.

रात्री भरपेट जेवायचा आग्रह धरू नका. वरण-भात किंवा खिचडी खोलीत मागवता येते आणि लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ती आई-बाबांनी पलंगावर मांडी घालून खाल्ली तर त्यात काहीच बिघडत नाही. सकाळी लवकर उठायची त्यांची सवय आहेच. गर्दी व्हायच्या आत गेटवेपर्यंत चालून या, मग नाश्त्याला निवांत दीड तास द्या.

एलिफंटाचा मोह टाळा. जाताना बोटीत तासभर, वर शंभराहून जास्त पायऱ्या, आणि आईचे गुडघे. सोमवारी लेणी बंदच असतात. बाराला खोली सोडून सामान हॉटेलातच ठेवा आणि जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. तिथं बसायला बाकं आहेत, बागही आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असेल तर त्या भागात फार गर्दी होते, तेव्हा तारीख बघून जा. नंतर काळी-पिवळी टॅक्सी करून ओव्हल मैदानाला एक फेरी मारा. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३० नंतरच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती; हा सगळा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा आहे. मुंबईच्या या भागात ऑटो चालत नाहीत, हे नागपूरच्या माणसाला हटकून विसरायला होतं. शेवटी सीएसएमटीला थोडं आधी पोचा आणि बाबांना स्टेशनची इमारत बाहेरून दाखवा. नागपूरचा कापूस वाहून आणणाऱ्या जीआयपी रेल्वेचं ते मुख्यालय.

भावाला लॉन हवं आहे, त्याचंही ऐका, पण छोटं करा. परत आल्यावरच्या रविवारी घरीच जवळची पंचवीस-तीस माणसं, वडाभात, कढी, संत्रा बर्फी. मिलमधले बाबांचे जुने सोबती त्यात नक्की बोलवा. हॉटेलचं कौतुक सांगायला बाबांना तीच माणसं लागतील, आणि वहिनीला वाढायच्या पंगतीत मानानं पुढे ठेवलंत तर दिखाव्याचा विषय आपोआप मागे पडेल.

आणि हे सगळं करूनही बाबा ठाम नाही म्हणाले, तर ताणू नका. कुलाब्यात साध्या हॉटेलात राहा आणि आईबाबांना सी लाउंजमध्ये चहाला न्या. आईच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातही मिळतं. उरलेले पैसे गच्चीला.

गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि मुंबईच्या गाड्या लगेच भरतात. तारीख ठरली की पहिल्याच सकाळी तिकिटं काढा, दोघांना खालचे बर्थ मागा. हॉटेलचं बुकिंग त्यानंतर, आणि पैसे परत मिळण्याची अट असलेलंच करा.